मागून येणारा सूर

ओरखडा अगदी खरा होता – बटणाशेजारी, पॉलिशखालचं पांढरट लाकूड दिसावं इतका. कॉम्प्युटरच्या पडद्यावर बाजाच्या पेटीचं चित्र होतं आणि त्या चित्रातल्या पेटीला कुणीतरी मन लावून ओरखडा काढला होता. नाना तो बोटाने पुसायला वाकले, तशी त्यांची मुलगी संघमित्रा म्हणाली, "नाना, स्क्रीनला हात नका ना लावू. डाग पडतात."

ओरखडा चालतो, डाग चालत नाही. बरोबर आहे.

पेटी अकरा जीबीची होती आणि सकाळपासून इंटरनेटवरून उतरत होती, ती आत्ता कुठे पूर्ण उतरली होती. नानांची स्वतःची पेटी मुलुंडच्या जुन्या बिल्डिंगचे चार जिने उतरायची, पण 'अजून एकोणचाळीस मिनिटं' असं तिने कधी सांगितलं नव्हतं. ती आता दिवाणाखाली. दोन वर्षांपूर्वी झटका आला, डावा हात गेला, आणि भाता मारायचा तो डाव्याच हाताने... लोक बघतात उजव्या हाताची बोटं. श्वास घेत असतो डावा. तीस वर्षं भीमजयंतीला साथ केली, पण हे कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्याही नाही, तो हात मांडीवर नुसता पडून राहीपर्यंत.

"भाता लागतच नाही यात," संघमित्राने छोटा कीबोर्ड पुढे सरकवला. "माझं गाणं रेकॉर्ड करून भरलंय, मागे तुमची पेटी हवी. नुसतं दाबा."

नानांनी दाबलं.

आणि सूर आला – थोडा घोगरा, पितळी, पट्टीच्या लाकडी टकटकीसकट. कुठल्यातरी देशात कुणीतरी एकेक पट्टी हळू, मग जोरात, मग आणखी जोरात वाजवून ठेवली असणार, एवढ्यासाठी की मुलुंडमधल्या एका माणसाला भात्याशिवाय सा मिळावा. नानांच्या अंगावर काटा आला. डाव्या अंगावरही, हे विशेष.

पण तो मागून आला. बोट आधी, सूर नंतर – पापणी लवेल एवढाच, पण नंतर. डॉक्टर म्हणालेच होते, सगळं जरा मंद होईल... म्हणजे उजवाही. म्हणजे संपलं. मैदानात कर्णे लावले की आवाज डोंगराला लागून परत यायचा, तेव्हा गायन पार्टीतले सगळे त्याच्या जरा पुढेच वाजवायचे. ती जुनी लबाडी अंगात होती. गाणं सुरू झालं आणि नाना सुराच्या पुढे पळू लागले.

"नाना, कशाला धावताय?"

"धावत नाहीये गं." मग, खाली बघत, "हात मंद झालाय. मागे पडतो."

संघमित्राने हात लांब करून स्वतः एक पट्टी दाबली. थांबली. पुन्हा दाबली.

"माझाही मागेच पडतोय की. मलाही झटका आलाय का?" ती सेटिंगमध्ये शिरली. "बघा, बफर, म्हणजे आवाज थोपवून धरायचा आकडा, हजार चोवीसवर राहिलाय. माझीच चूक. कॉम्प्युटर विचार करत बसतोय, तुम्ही नाही." तिने आकडा एकशे अठ्ठावीस केला. "आता दाबा."

बोट टेकलं त्या क्षणी सूर तिथे होता, जणू पट्टीखाली दबा धरून बसला होता.

नानांनी बोट उचललं नाही. बोलताना शब्द सापडायला वेळ लागतो म्हणून घरातले वाक्य पुरं करतात, रस्ता ओलांडताना कोपर धरतात, चहाचा कप अर्धाच भरतात – हे सगळं मी मुकाट्याने माझ्या नावावर लावून घेतलं. त्यातलं माझं किती, आणि कुणाकडून तरी आकडा बदलायचा राहून गेला म्हणून किती... सूर चालूच होता. भाता नाही, दम नाही, तरी तुटत नव्हता.

"आता येतोय ना वेळेवर?" संघमित्राने विचारलं.

नानांनी मान हलवली. येतो आहे. म्हणजे यापुढे उशीर झाला, तर तो माझाच... आणि छातीत काहीतरी धडधडायला लागलं, स्टेजवर पहिल्यांदा बसताना धडधडायचं तसं. ती भीती होती की दुसरं काही, ते त्यांना सांगता आलं नसतं.