दोन विश्वस्तांचा कॉम्प्युटर

संतोषची पेटी शेवटपर्यंत उघडली नाही.

असं काही अजून झालेलं नाही. पेटी अजून व्हायची आहे, तिचा पत्रा सातपूरच्या एका गाळ्यात भिंतीला टेकून उभा आहे आणि संतोष सिडकोतल्या आपल्या खोलीत खुर्चीकडे बघतो आहे.

खुर्ची चार बोटं वर गेली होती.

संतोष आणि मुझफ्फर लग्नाचे व्हिडिओ करायचे. मुझफ्फर कॅमेरा धरायचा, संतोष कापाकापी करून त्याची फिल्म बनवायचा. खोली दोघांची, किल्ल्या दोघांकडे, कॉम्प्युटर मात्र एकच. संतोष दुपारी जेवायला घरी जायचा आणि परत आला की कधी खुर्ची वर, कधी माऊस भलतीकडे. कॉम्प्युटरच्या डब्यावर तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा हात ठेवला, तर डबा कोमट.

तसा तो संशय घेण्यात भेदभाव करत नसे. दूधवाला, रिक्षाचं मीटर, लग्नात जरा जास्तच हसणारा नवरदेव, सगळे त्याला सारखे. मुझफ्फर शाळेपासूनचा मित्र, त्यामुळे त्याच्यावरचा संशयही शाळेपासूनचा होता. चांगला मुरलेला.

"दुपारी तू कॉम्प्युटरवर बसतोस का रे?"

"मी? मला तो धड चालू तरी करता येतो का," मुझफ्फर म्हणाला आणि पाठोपाठ, "चहा घेणार?"

एवढ्या घाईने चहा विचारणारा माणूस काहीतरी लपवत असतो, असं संतोषचं मत होतं. त्याने चहा घेतला, पण सावधपणे.

विकतचा डबा दोन स्क्रू फिरवले की उघडतो. म्हणून त्याने ठरवलं, डबा पत्र्यापासून आपणच बनवून घ्यायचा. शोधत शोधत तो सातपूरला सिंधुबाईच्या गाळ्यावर पोचला. सिंधुबाई देवळांच्या दानपेट्या बनवायची. ज्या वस्तूत देवाच्या दारीही माणसांवर विश्वास ठेवलेला नाही, ती बनवणाऱ्या बाईकडेच आपलं काम होईल, असं त्याला वाटलं.

"कॉम्प्युटरची पेटी?" सिंधुबाईने कातर खाली ठेवली. "बाजारात तयार भेटती की, भाऊ."

"तयार असते ती उघडते, मावशी."

"मंग ही उघडायचीच नाय व्हय?"

"माझ्याशिवाय कुणाला नाही."

त्याने सांगितलं ते असं. पत्रा इतका जाड, की कुणी कापायला गेलंच तर आतल्या वस्तूंची वाट लागल्याशिवाय कापला जाऊ नये. हवेला मागे जाळी, पण बोट जाणार नाही अशी. पेनड्राइव्ह लावायला भोक नको, कुणीही लावेल. चालू करायचं बटण दाराच्या आत, बाहेर असलं तर कुणीही दाबेल.

"लय शाना माणूस हाय," सिंधुबाई पत्र्याला म्हणाली आणि कामाला लागली.

पत्रा बदलतील म्हणून संतोष तिथेच स्टुलावर बसून राहिला. तिने रेघा मारल्या, पत्रा कापला, मशीनमध्ये घालून काटकोनात वाकवला. कोपरे कानशीने घासून घेतले. वेल्डिंगवरही संतोषला नजर ठेवायची होती, तीही उघड्या डोळ्यांनी. तिने पाठीत एक धपाटा घालून त्याचं तोंड भिंतीकडे फिरवलं. तो परत वळला तेव्हा पेटीच्या माथ्यावर एक लांबट फट पडलेली होती.

"ही कशाला?"

"हात चालला. आजवर बिनफटीची पेटी केलीच नाय. ऱ्हाऊ द्या, कुणी काय टाकलं तर तुमचंच."

पेटी घरी नेताना कुणी आत डोकावेल, म्हणून संतोषने कॉम्प्युटरचे सगळे भाग खोलीवरून आणून गाळ्यातच आत बसवले. सिंधुबाईने दार लोटलं. दारात आतून बसवलेली दोन कुलपं होती, दोन्हींच्या किल्ल्या वेगळ्या. तिने दोन्ही लावली, एक किल्ली त्याला दिली आणि दुसरी मुठीत ठेवली.

"ती?"

"ही दुसऱ्या विश्वस्ताची. माझ्या गाळ्यातनं दोन्ही किल्ल्या एका हातात जात नायत. सासऱ्यांनी एकदाच दिल्या व्हत्या, बागलाणात एका देवळाला. त्या माणसानं एकट्यानं पेटी उघडली. आत काय नव्हतं."

"चोरलं?"

"कुणी टाकलंच नव्हतं. पण गाव अजून सासऱ्यांनाच बोलतं. तुमचा दुसरा कोण?"

मुझफ्फरचं नाव संतोषने गिळलं. मग उरलेल्या जगाचा विचार केला. एकही माणूस पसंत पडेना. राहिली ती जगात नसलेली माणसं.

"सावळीराम," तो म्हणाला.

"कुठले?"

खोटं एकटं सोडलं की पकडलं जातं, त्याला सोबत द्यावी लागते. "येवल्याचे. पैठणीच्या मागावर असतात. घारे डोळे. डाव्या हाताला सहा बोटं."

"मंग वळखायला सोपं," म्हणत तिने किल्ली कमरेच्या पिशवीत टाकली. "पाठवा त्यांना. त्यांच्याच हातात देईन."

एक-दोन दिवसांत काहीतरी सांगून किल्ली काढून घेऊ, असा हिशेब करून संतोष पेटी रिक्षात घालून खोलीवर आला. खुर्चीवर मुझफ्फरची आई बसली होती. जहिदाखाला अंगाने एवढीशी. खुर्ची चार बोटं वर केल्याशिवाय तिची नजर पडद्यापर्यंत पोचत नव्हती.

पेटीला कुलपं दोन, संतोषच्या हातात किल्ली एक, चालू करायचं बटण आत. मुझफ्फरने पेटीकडे आणि मग संतोषकडे बघितलं. "संत्या, रुखसारच्या लग्नाचं सगळं त्याच्यात आहे."

रुखसारच्या लग्नात खाला दवाखान्यात होती, ऑपरेशन झालेलं. पोरीचं लग्न तिने बघितलंच नव्हतं. मुझफ्फर तिला रोज दुपारी थोडं थोडं दाखवत होता.

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"तूच म्हणतोस ना, फिल्म पुरी झाल्याशिवाय कुणाला दाखवायची नाही. तुझ्या नियमाला घाबरून आम्ही आपलं चोरून बघतोय."

"कॅमेऱ्यात असेल ना अजून?"

"पुढच्या लग्नाला पुसलं. तूच पुसायला लावलंस."

"आज पाठवणी बघायची होती, बेटा," खाला म्हणाली. "काल मुद्दाम उरवली. एका दिवसात सगळं रडून संपवायचं नव्हतं."

संतोष मुझफ्फरला घेऊन तसाच सातपूरला परतला.

"मावशी, हा दुसरा विश्वस्त. द्या किल्ली."

"आन सावळीराम?"

"त्यांना काढलं."

"विश्वस्त असा काढता येत नाय. त्यांनी सोता येऊन राजीनामा द्याया पायजे."

"ते नाहीत."

"वारले? मंग दाखला आणा."

"वारले नाहीत हो. ते कधी नव्हतेच."

सिंधुबाईने त्याच्याकडे बराच वेळ बघितलं. संतोष आयुष्यभर लोकांकडे ज्या नजरेने बघत आला, ती नजर समोरून कशी दिसते हे त्याला पहिल्यांदाच कळलं.

"घारे डोळे, सहा बोटं, मागावरचा माणूस. आन आता म्हनता नव्हताच. भाऊ, काय केलंत तुम्ही त्यांचं?"

"काही नाही. मी बनवलं त्यांना."

"खरं सांग संत्या," मुझफ्फर हळूच म्हणाला, "कोण आहे हा सावळीराम?"

भरपूर बोलणं झालं. मुझफ्फर एक घारा माणूस आणायला तयार होता, पण बोटापाशी अडलं. पेटी कापायची म्हटलं तर पत्र्याची पूड आणि ठिणग्या थेट आत. तशी व्यवस्था संतोषने स्वतःच करून घेतली होती. शेवटी सिंधुबाईने तोडगा काढला. विश्वस्त सापडत नसला की त्याच्या नावाने अर्ज करून पेटीत टाकायचा, अशी तिच्या गिऱ्हाइकांत रीत होती.

"आणि तो वाचणार कधी?" संतोषने विचारलं.

"दोघं विश्वस्त मिळून पेटी उघडतील तवा."

खोलीवर खाला अजून त्याच उंच खुर्चीवर होती. संतोषने तिच्या शेजारी बसून स्वच्छ अक्षरात अर्ज लिहिला, एकदा तपासला आणि फटीतून आत सोडला.

*प्रति,*
*मा. श्री. सावळीराम, विश्वस्त,*
*मु. पो. येवला, जि. नाशिक.*

*विषय : अस्तित्वात येण्याबाबत.*

*महोदय,*

*उपरोक्त विषयास अनुसरून नम्र विनंती, की आपण कृपया एका दिवसापुरते अस्तित्वात यावे, सातपूर येथे समक्ष हजर राहून किल्ली ताब्यात घ्यावी आणि त्याच दिवशी आपल्या पदाचा राजीनामा द्यावा. येताना ओळखीदाखल सहावे बोट सोबत आणावे. एका आईचे आपल्या मुलीची पाठवणी बघणे राहिले असल्याने प्रकरण तातडीचे समजावे, ही विनंती.*