जीभ मीच चेपली

मी हातोडा बोलतोय. हळू बोलायची सवय नाही मला, आणि गोड तर मुळीच नाही. पण आज मान खाली घालून बोलतोय, तेवढं समजून घ्या.

गाड्यांच्या एका गॅरेजात खिळ्याला टांगलेला असतो मी. माझं डोकं कुठल्या भट्टीत झालं ते आठवत नाही. दांडा मात्र मोठ्या मिस्त्रीने स्वतः तासून बसवला. मोठा मिस्त्री म्हणजे आत्ताच्या मिस्त्रीचा बाप. तो मला हातात घ्यायच्या आधी गाडीला कान लावायचा. ऐकायचा, मान हलवायचा, मग मला हात घालायचा. कधी कधी घालायचाच नाही. मला राग यायचा. म्हटलं, अरे ठोक की!

त्याला दोन पोरं. थोरली ताई आणि धाकटा भडक्या. ताई लहानपणी गॅरेजातच खेळायची. एकदा गंजलेला नट सुटेना म्हणून तिने मला दोन्ही हातांनी उचलून हाणलं. नट तसाच राहिला, माझ्या तोंडाचा कोपरा उडाला. तेव्हापासून मी कुठेही बसलो की गोल खूण उमटते आणि एका बाजूला नखाएवढी जागा सुटते. बाप हसला होता. म्हणाला, "बरं झालं, आता आपला हातोडा चोरीला गेला तरी ओळखता येईल."

मोठा मिस्त्री गेला. गॅरेज भडक्याकडे आलं. हात बापासारखाच, डोकं मात्र माझ्यासारखं. आमचं दोघांचं लगेच जमलं.

आता जे सांगायचंय ते सांगतो. टाळत होतो.

एक दिवस ताईचा नवरा गाडी घेऊन आला. त्याला आम्ही सगळे दाजी म्हणतो. माणूस सरळ, तोंडाने तिखट. गाडी ब्रेक दाबला की चिरकत होती. दाजी पायरीवर बसला नि म्हणाला, "मेव्हण्या, एवढा आवाज बंद कर बाबा. आईचं डोळ्याचं ऑपरेशन झालंय, रोज दवाखान्यात नेतो. दारात थांबलो की सगळे वळून बघतात. त्यांना वाटतं डुक्कर भरून आणलंय."

भडक्याने चाक काढलं. ब्रेकचे पॅड पार झिजले होते, नखाएवढे पातळ राहिले होते. त्या पॅडला पत्र्याची एक छोटी जीभ असते. पॅड संपत आलं की ती जीभ फिरत्या चकतीला लागते आणि चिरकते. मुद्दाम ठेवलेली असते, माणसाला कळावं म्हणून. म्हणजे गाडी चिरकत नव्हती, गाडी सांगत होती.

सुट्या भागांच्या खोक्यात बघितलं तर त्या मापाचे पॅड नाहीत. दोन दिवसांनी येणार. भडक्या बाहेर गेला नि एवढंच म्हणाला, "दाजी, गाडी दोन दिवस ठेवा."

का ते सांगितलं नाही. हीच त्याची खोड.

"दोन दिवस? नुसत्या आवाजाला?" दाजी उखडला. "तुझ्या बापाने कान लावून जागेवर सांगितलं असतं. तू आपला सगळं सुटं करून गिऱ्हाइकाला बसवून ठेवतोस."

बापाचं नाव निघालं आणि भडक्याचे कान लाल झाले. आत आला, मला खिळ्यावरून ओढलं. "आवाजच बंद पाहिजे ना? घ्या!"

दोन घाव. पहिल्यात जीभ वाकली, दुसऱ्यात पॅडच्या पाठीला चिकटली.

खरं सांगू? मला मजा आली. कुणाचं तोंड बंद करायला मिळालं की मजा येतेच. आज ते आठवलं की दांड्यात शिरून बसावंसं वाटतं.

चाक चढवलं. भडक्या म्हणाला, "न्या. झालं काम."

गॅरेजात 'झालं काम' म्हटलं की गिऱ्हाईक निर्धास्त होतं. पुढे काही विचारत नाही. दाजीनेही विचारलं नाही.

दोन दिवसांनी पॅड आले. भडक्याने खोकं फळीवर ठेवलं. फोन हातात घेतला, परत ठेवला. "गरज असेल तर येईल. मी कशाला पाय धरू?" आणि मी खिळ्यावरून म्हटलं, बरोबर आहे. बघा कसे दोघं शहाणे!

तीन आठवडे गेले. गाडी घरघरायला लागली. दाजीला वाटलं, मेव्हण्याने ब्रेकचं काम केलंय, घासून बसेल. मग बेकरीच्या उतारावर त्याने ब्रेक दाबला. पॅड संपले होते, लोखंडावर लोखंड. गाडी थांबलीच नाही, भिंतीवर गेली. मागे बसलेली म्हातारी वाचली. पुढे बसलेल्या ताईचा पाय मोडला.

सगळं घर दाजीवर तुटून पडलं. गाडी चालवता येत नाही, लक्ष कुठे असतं, असलं काय काय. दाजी ऐकून घेत राहिला. आणि भडक्या गप्प. मोडकी गाडी ओढून गॅरेजात आणली, पॅड काढले, भंगाराच्या डब्यात टाकले, वर चिंध्या टाकल्या.

दहाव्या दिवशी ताई रिक्षाने आली. पाय प्लास्टरमध्ये, काखेत कुबडी.

"पॅड दाखव."

"कशाला? बस तू, चहा सांगतो."

"भडक्या, मी ह्याच गॅरेजात रांगलेय. मला चहा पाजू नकोस."

तिने कुबडीनेच डबा पालथा केला. पॅड उचललं. चेपलेली जीभ बघितली. त्यावरची खूण बघितली, एका बाजूला नखाएवढी जागा सुटलेली. मग हात वर करून मला काढलं आणि त्या खुणेवर ठेवलं. मी अगदी फिट्ट बसलो. माझा कोपरा तिनेच उडवला होता. ती कशी विसरेल?

भडक्या जमिनीकडे बघत होता.

"तुझे दाजी दहा दिवस धड जेवले नाहीत," ताई म्हणाली. "माझ्या हातून बायकोचा पाय मोडला म्हणतात. आणि तू ऐकत होतास?"

"सांगतो गं. उद्या जातो."

"उद्या नाही, आत्ता. आणि हा हातोडा घे बरोबर. तुझी जीभ अडली तर हा सांगेल."

गेलो. दाजी ओट्यावर बसला होता. भडक्याने पॅडला नि मला, दोघांना त्याच्यापुढे ठेवलं. सगळं सांगितलं.

दाजी पॅडची चेपलेली जीभ अंगठ्याने चाचपत राहिला. मग म्हणाला, "आवाज बंद कर, असं मीच म्हणालो होतो."

"तुम्ही म्हणालात. पण ती काय ओरडत होती ते तुम्हाला ठाऊक नव्हतं, दाजी. मला होतं."

दाजी उठून आत गेला. दार मात्र उघडंच ठेवलं. थोड्या वेळाने आतून हाक आली, "मेव्हण्या, आत ये. उभा काय राहिलास?"

आता मी परत खिळ्यावर आहे. शेजारच्या खिळ्याला ते पॅड टांगलंय. भडक्यानेच टांगलं. दिवसभर ती चेपलेली जीभ माझ्या तोंडासमोर असते. मला दुसरीकडे बघता येत नाही, आणि बघूही नये.

एक मागणं आहे. गाडी चिरकली तर मिस्त्रीला 'आवाज बंद कर' म्हणू नका. 'का ओरडते बघ' म्हणा. आणि तो माझ्याकडे हात नेताना दिसला, तर त्याचा हात धरा.