फोनवरची मालकीण

पडद्यांच्या दुकानात माईची खुर्ची दाराला लागून. येणाऱ्याचं पहिलं बोलणं तिच्याशी, जाणाऱ्याचं शेवटचंही तिच्याशीच. मालकिणीची जागा ती. वेबसाइटसाठी फोटो काढला तेव्हाही ती तिथंच बसली, पार डाव्या टोकाला. मधोमध जाऊन बसले धाकटे दीर, ज्यांना सुईत दोरा ओवायचा म्हटलं तरी घाम फुटतो.

घरच्या कॉम्प्युटरवर फोटो चांगला ऐसपैस दिसायचा. माई, शिंपी, मशिनी, कापडाचे गठ्ठे, सगळं त्यात. माईला पसंत पडला.

पण हळूहळू गिऱ्हाइकं तिला ओलांडून आत जायला लागली. मालक कुठायत, म्हणून विचारायची. दीरही खाकरून पुढे व्हायचे. एका बाईनं तर फोनमधला फोटो दिरांच्या चेहऱ्याशी ताडून पाहिला आणि माईकडे पिण्याचं पाणीच मागितलं. माईनं पाणी दिलं आणि तिचा फोन बघायला मागून घेतला. वेबसाइटवरच्या फोटोच्या दोन्ही बाजू छाटलेल्या, मधला उभा तुकडा तेवढा शिल्लक. त्यात दीर, मांडीवर हात, चेहऱ्यावर सात पिढ्यांचं दुकान एकट्यानं ओढल्याचं तेज.

सुनेनं वेबसाइटवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, फोनची काच अरुंद, आडवा फोटो मावत नाही, मग आपोआप मधलाच भाग उरतो. आजींना मध्ये बसवा, नवीन फोटो काढू.

दीर म्हणाले, लोकांना आता हाच चेहरा सवयीचा झालाय, वहिनी, उगाच घोळ कशाला? गिऱ्हाईक येतंय ना?

"येतंय. पण कोणाकडे येतंय?" माई म्हणाली. "तुमचे दादा गेल्यावर हे दार मी उघडलं, भाऊजी. तेव्हा मधोमध बसायला कोणी आलं नव्हतं. मी जागची हलणार नाही. कात्री हलवा."

सुनेनं पुन्हा विचारलं, तेव्हा कुठे वेबसाइटवाल्यानं कबूल केलं की फोनवाल्याला एक फोटो आणि कॉम्प्युटरवाल्याला दुसरा, असं पाठवता येतं. जरा काम वाढतं एवढंच.

"मग वाढू दे की," माईनं सुनेच्या हातातला फोन घेऊन त्यालाच सुनावलं. "दाराला आणि खिडकीला एकाच मापाचा पडदा शिवते का मी?"

कॉम्प्युटरवर सगळं बिऱ्हाड राहिलं. फोनसाठी फोटो दाराकडून कापला. दार, खुर्ची, खुर्चीत ताठ बसलेली माई, आणि कडेला दिरांचा एक गुडघा.

दीर दोन दिवस येता-जाता फोनवर तो फोटो उघडून बघत होते. मग म्हणाले, निदान तो गुडघा तरी काढायला सांगा, बरं दिसत नाही.

माई पडद्याला चुण्या टाचत होती. तिनं मान वर केली नाही.

"कॉम्प्युटरवर अख्खे आहात की. फोनवर आपलं कामापुरते."

दारात एक बाई येऊन थांबली होती. हातातल्या फोनकडे बघून तिनं माईकडे पाहिलं. माईनं टेप गळ्यात टाकला आणि विचारलं, खिडकी केवढी आहे?