कानडी नाटकाचा तास

इंद्रजित सरांना बोलायला फार आवडायचं. हे त्यांच्या बायकोला ठाऊक होतं, शेजारपाजाऱ्यांना ठाऊक होतं आणि तुळजापूरकडच्या ज्या कॉलेजात ते मराठी शिकवत, तिथल्या पोरापोरींना तर पहिल्याच आठवड्यात कळायचं. माणूस मूळचा ढोकीचा, साखर कारखान्याच्या भोंग्यावर उठणाऱ्या घरातला. त्या भोंग्याच्या वर आवाज काढायची सवय लहानपणीच लागली, असं ते स्वतःच हसत सांगायचे. गॅदरिंग असो, निरोप समारंभ असो, माइक हाती आला की सर खुलायचे. म्हणूनच नव्या अभ्यासक्रमात नाट्यकलेचा विषय आला तेव्हा प्राचार्यांनी दुसरा विचारच केला नाही.

"तुम्हीच घ्या, इंद्रजितराव. तुमच्याशिवाय आहे कोण इथं?"

सरांनी नाटकं ढीगभर वाचली होती. पाहिली मात्र बेताचीच, तीही सोलापूरला जाऊन. वर्गातल्या पोरांनी तर तेवढीही पाहिली नव्हती. जत्रेतला तमाशा, गणपतीतली नाटुकली आणि मोबाईलवरचे रील, एवढाच त्यांचा रंगमंच. तामलवाडीचा रणधीर उंचापुरा गडी, घरची बागायती, आवाज खणखणीत. त्याला संवाद म्हणायला सांगितला की छाती पुढं काढून तो असा गरजायचा, की शेजारच्या वर्गातली पोरं खिडकीत यायची. अर्पिताला प्रत्येक गोष्टीवर शंका असायची. आणि कडेच्या बाकावर बसायची शिवप्रिया. सीमेलगतच्या गावाची, वडील रेवणप्पांचं गावात भुसार मालाचं दुकान. हजेरीला "हजर" म्हणायची, तेवढाच तिचा आवाज वर्गाच्या ओळखीचा.

सोलापूरला सरांचे एक जुने मित्र होते, गौरीशंकर. हौशी रंगभूमीवर हयात घालवलेला माणूस. त्यांनी सरांना प्रयोगांच्या चित्रफिती भरलेला पेनड्राइव्ह दिला. "पोरांना थेटरात नेता येत नसेल, तर थेटर वर्गात न्या," म्हणाले. सरांना कल्पना पसंत पडली. वर्गात मोठा टीव्ही होताच.

पण झालं असं, की नाटक दोन मिनिटं चालायचं आणि सर ते थांबवायचे. "आता इथं बघा, नटानं पाठ का फिरवली?" असं विचारायचे आणि कुणी तोंड उघडायच्या आत उत्तरही स्वतःच द्यायचे. मग प्रकाशयोजना, मग नेपथ्य, मग नाटककाराचं आयुष्य. पुन्हा दोन मिनिटं नाटक, पुन्हा सर. पडदा उघडून पहिला प्रवेश संपायला दोन-दोन तास लागू लागले. रणधीर भिंतीला टेकून खुशाल डुलक्या काढायचा. एक दिवस अर्पितानं हात वर केला.

"सर, नाटक कधी बघायचं?"

"मग हे काय चाललंय?"

"हे तुमचं चाललंय, सर."

वर्ग हसला. सरही हसले, पण घरी जाईपर्यंत ते वाक्य त्यांच्या डोक्यात बसून राहिलं.

पुढच्या तासाला त्यांनी पेनड्राइव्हमधली नवी फीत लावली. पडदा वर गेला. मातीच्या भिंतीचं घर, चूल, एक बाई भाकरी थापते आहे. सर हातात रिमोट घेऊन सरसावून बसले. बाईनं तोंड उघडलं आणि सरांचा चेहराच पडला. नाटक कानडीत होतं.

"अरे! गौरीशंकरनं हे चुकून भरलेलं दिसतंय," म्हणत सर पेनड्राइव्ह काढायला उठले.

"असू द्या की सर," रणधीर म्हणाला. "तसंबी..."

"तसंही काय?"

"काय न्हाय सर. चालू द्या."

तसंही आम्हाला काय कळतंय, असंच त्याला म्हणायचं असणार. सरांना ते कळलं आणि ते मुकाट्यानं खाली बसले.

फीत काही फार चांगली नव्हती. प्रेक्षागृहात मागच्या बाजूला कुणीतरी एकच कॅमेरा लावून ठेवलेला. मध्येच कुणाचं तरी डोकं आडवं जायचं, कुणी खोकायचं, एखादं लेकरू रडायचं. पण नाटक थांबत नव्हतं. बाईचा तरणाताठा मुलगा आत आला. गुमान ताटावर बसला. आई वाढू लागली. हसत होती, बोलत होती, एकसारखी बोलत होती. मुलगा खाली मान घालून जेवत होता. मग त्यानं मान वर न करता एक वाक्य म्हटलं. आईचा पळी धरलेला हात ताटावर तसाच थांबला. प्रेक्षागृहातला खोकलाही थांबला.

सरांनी सवयीनं रिमोट दाबला आणि सांगायला तोंड उघडलं. पण सांगणार काय? त्यांना एक अक्षर कळलं नव्हतं. पोरं त्यांच्याकडं बघत होती. रणधीरसुद्धा जागा होता. शेवटी सर खरं तेच बोलले.

"काय झालं हे? मला काही कळलं नाही. तुम्हाला कुणाला कळलं का?"

मग अर्पिता म्हणाली, "त्यो काहीतरी लागंल असं बोलला. तिचा हात बघा की सर, लुळा पडल्यासारखा झालाय."

"शिवी दिली असंल," रणधीर म्हणाला.

"शिवी दिली असती तर ती बोलली असती. आत्तापर्यंत गप्प बसली होती का?"

"मीठ जास्त झालंय म्हणला असंल," मागून कुणीतरी.

"मिठाला एवढं थेटर गप्प व्हतंय व्हय?"

यावर सगळे हसले, पण मुद्दा सगळ्यांना पटला. त्यांनी फीत मागं नेली, पुन्हा पाहिली. कुणी म्हणालं वाटणी मागितली, कुणी म्हणालं लग्नाचं काढलं. आवाज चढू लागले. जे पोरगं वर्षभर बाकावर नाव कोरत बसलं होतं, तेही उभं राहून भांडायला लागलं. सरांच्या जिभेवर दहा वेळा वाक्य आलं आणि दहा वेळा त्यांनी ते गिळलं. कारण त्यांच्यापाशी या पोरांपेक्षा जास्त काहीच नव्हतं.

त्या गलक्यात कडेच्या बाकावरून आवाज आला.

"शिवी न्हाय दिली त्यानं."

सगळ्यांनी माना वळवल्या. शिवप्रिया उभी होती. तोंड लाल झालेलं, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलेलं.

"तुला कानडी येतं?" अर्पितानं विचारलं.

"घरात तेच बोलतो आमी."

"मग इतका वेळ गप्प का बसलीस गं?"

पाचवीत शिवप्रिया मराठी शाळेत आली, तेव्हा "माझी घोडा पळाली" म्हणाली होती आणि सगळी शाळा तिला घोडा म्हणू लागली होती. तेव्हापासून तिनं कानडी घरात ठेवलं आणि मराठीही मोजूनमापून बोलायला शिकली. हे तिनं सांगितलं ते पुढं कधीतरी. त्या दिवशी ती फक्त टीव्हीकडं बघत म्हणाली,

"आई म्हणतीय, 'इन्नू स्वल्प हाकली?' म्हंजे अजून थोडं वाढू का. आणि त्यो म्हणला, 'अव्वा, होग्तीनि.'"

"म्हंजे?"

"म्हंजे... जातो." ती थांबली. "पण आमच्यात घरातनं निघताना असं म्हणत न्हाईत. 'होगि बर्तीनि' म्हणतात. जाऊन येतो. नुसतं होग्तीनि म्हणलं की..."

तिला पुढं सांगावं लागलं नाही. रणधीर हळूच म्हणाला, "येतो म्हणला न्हाय. जातो म्हणला."

"व्हय."

"आमच्यात कुणी 'जातो' म्हणलं तर आई माघारी बोलावती. बसवती, पाणी देती, 'येतो' म्हणायला लावती, मगच सोडती." एवढं बोलून त्यानं खाली बघितलं. त्याचा थोरला भाऊ घरातून भांडून पुण्याला गेला होता, हे वर्गात बऱ्याच जणांना माहीत होतं.

भाषा न कळता या पोरांनी बरोबर तोच हात, तोच क्षण धरला होता. आणि भाषा कळणारी ही पोरगी एका शब्दानं त्या क्षणाचं दार उघडून मोकळी झाली होती. पंचवीस वर्षांच्या नोकरीत वर्ग असा आपणहून जागा झालेला सरांनी पाहिला नव्हता.

"मग आता सांगा," त्यांनी विचारलं, "तो मुद्दाम बोलला, की तोंडातून निसटलं?"

पुन्हा रान पेटलं. अर्धा वर्ग म्हणे निसटलं, अर्धा म्हणे मुद्दाम. शिवप्रियाला सगळे विचारू लागले, तू सांग, तुला कळतंय. ती म्हणाली, "शब्दावरनं न्हाय कळत. दोन्ही व्हतंय." मग पुन्हा फीत मागं. मुलगा आत येतो तिथपासून. या वेळी अर्पिता ओरडलीच.

"सर, पाय! त्याच्या पायात बूट हाय!"

खरंच होतं. एक मांडी घातलेली आणि दुसरा पाय बाहेर सोडलेला, बुटासकट. चुलीपुढं, ताटावर, पायात बूट. सगळ्यांनी ते आधी दोनदा पाहिलं होतं आणि एकालाही दिसलं नव्हतं.

"आला तवाच जायचं ठरवून आलाय," रणधीर म्हणाला.

"आणि आईनं आल्याबरोबर बघितलंय," शिवप्रिया म्हणाली. "म्हणून ती एवढी बोलतीय. त्याला बोलायला मोकळी जागाच देत न्हाय."

तास संपल्याची घंटा झाली, तरी कुणी उठलं नाही. त्या संध्याकाळी सर घरी गेले, जेवले आणि गप्प बसून राहिले. बायकोनं दोनदा विचारलं, "बरं न्हाय का तुम्हाला?"

त्यानंतर नाट्यकलेचा तास बदलला. सर मागच्या बाकावर बसू लागले आणि रिमोट पोरांकडं गेला. ज्याला थांबवावंसं वाटेल त्यानं थांबवायचं आणि का थांबवलं ते सांगायचं. सगळेच तास काही रंगले नाहीत. काही दिवशी नुसती बाचाबाची व्हायची, काही दिवशी सरांना राहवायचं नाही आणि ते पुन्हा व्याख्यानावर घसरायचे. मग अर्पिता नुसती त्यांच्याकडं बघायची.

गॅदरिंग जवळ आलं, तसा पोरांनीच विषय काढला. तो प्रवेश करायचा. आई शिवप्रिया, मुलगा रणधीर. आणि अर्पितानं सुचवलं, की आईनं कानडीत बोलायचं, मुलानं मराठीत. "शिकून बाहेर राहिलेला पोरगा आईशी मराठीत बोलतोय, असं." सरांना स्वतःला हे कधी सुचलं नसतं.

शिवप्रियाच्या घरी विचारायला सर स्वतः गेले. रेवणप्पा दुकानात तूर मोजत होते. गिऱ्हाइकाशी मराठी, आतल्या बायकोशी कानडी, दोन्ही एका दमात चाललेलं.

"नाटक करू द्या की सर, मी काय नको म्हणत न्हाय," रेवणप्पा म्हणाले. "पण कानडीत? तिथल्या लोकांपुढं? हसतील की वो."

सर काही बोलणार, तोच शिवप्रिया म्हणाली, "हसू दे की अप्पा. पहिल्यांदा हसतील. मग ऐकतील."

रेवणप्पांनी लेकीकडं बघितलं. मग आत हाक मारून सरांना चहा सांगितला.

गॅदरिंगच्या दिवशी लोक हसलेच. पहिलं कानडी वाक्य आलं तेव्हा मागच्या रांगांतून शिट्टीही आली. शिवप्रिया थांबली नाही. हसत, बोलत, भाकरी मोडून वाढत राहिली आणि शिट्ट्या आपोआप विरल्या. रणधीर ताटावर बसलेला, पायात बूट. नेहमी गरजणारा तो गडी त्या दिवशी जेमतेम ऐकू येईल अशा आवाजात म्हणाला, "आई, जातो."

सर विंगेत उभे होते. आता तिचा हात थांबणार, हे त्यांना माहीत होतं. तालमीत तो दरवेळी थांबला होता. पण तो थांबला नाही. शिवप्रियानं पळी तशीच खाली आणली, ताटात आमटी वाढली आणि पुन्हा विचारलं, "इन्नू स्वल्प हाकली?" आवाज तेवढा फाटला. मांडवात चिटपाखरूही हललं नाही. पहिल्या रांगेत रेवणप्पांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

अर्पितानं सगळा प्रवेश मोबाईलवर घेतला होता. पुढच्या तासाला टीव्हीवर तोच लावला. रणधीरनं नेमका त्या जागी थांबवला.

"हिनं ठरलेलं मोडलं, सर. हात थांबवायचा ठरला होता. मी घास हातात धरून बसलो, मला कळंना काय करावं."

सरांना खूप काही बोलायचं होतं. नक्कल आणि निर्मिती यातला फरक सांगायचा होता, तिची पाठ थोपटायची होती. पण ते गप्प राहिले.

"मी थांबले असते," शिवप्रिया म्हणाली, "तर तू तसाच उठला असतास. जेवला नसतास."

"व्हय," रणधीर म्हणाला.

"मला न्हाय पटलं," अर्पिता म्हणाली. "तसं असंल तर तिला लागलेलं लोकांना दिसणार कुठनं?"

"दिसलं की! मागं सगळी गप्प झाली न्हवती का?" रणधीर म्हणाला.

"ती आवाजानं झाली, हातानं न्हाय."

"लाव, परत लाव. आवाज बंद करून लाव."

तीन-चार हात एकदमच रिमोटकडं गेले. मागच्या बाकावर इंद्रजित सरांनी चष्मा पुसला आणि नीट दिसावं म्हणून ते थोडे पुढं सरकले.