वाट अडवून बसलेलं पत्र

"येतंय, पण जात नाही. असं कधी असतं का हो?" बॉयलर तपासनिसांनी लॅपटॉप लॉजच्या काउंटरवर ठेवला. "ऑफिसच्या तीन मेल आल्या. माझी एक जाईल तर शपथ! सहा वेळा पाठवली."

काउंटरवरच्या बाईंनी चाव्यांचा जुडगा बाजूला सारला. "बंद करून चालू केलात?"

"केला. खुर्चीवर उभा राहूनही पाहिलं."

"खुर्चीवर कशाला?"

"रेंज वर असते म्हणे."

बाई हसल्या. तपासनीस हसले नाहीत. सकाळी गिरणीचा थंड बॉयलर तपासताना त्यांना पत्र्याला केसाएवढी चीर दिसली होती, आणि चार वाजता पाळी बदलली की भट्टी पेटणार होती. गिरणीत नेट नाही, ऑफिसची मेल या लॅपटॉपवरूनच जायची, म्हणून ते लॉजवर आले, तर इथे ही तऱ्हा. फोन केला तेव्हा व्यवस्थापक म्हणाला, "साहेब, तुमच्या ऑफिसच्या पत्त्यावरून लेखी आल्याशिवाय मला काही थांबवता येत नाही." गिरणी पाऊण तासावर, घड्याळात साडेतीन. तीस वर्षं आगीला शिस्त लावणाऱ्या माणसाला एक पत्र जागचं हलवता येईना!

"आउटबॉक्स बघते हं," बाईंनी चष्मा चढवला. "अहो, सहा कुठल्या? सात आहेत! सगळ्यात खालची अकरा महिन्यांपूर्वीची. चाळीस फोटो जोडलेत तिला. ती निघत नाही, म्हणून मागच्या सगळ्या खोळंबल्यात. बोळात हत्ती अडकावा तशी गत."

"छे, अकरा महिन्यांपूर्वीची कशी असेल? हा फिरतीचा लॅपटॉप. गुडघा दुखावल्यापासून उघडलाच नव्हता."

"'प्रिय दादा' अशी सुरुवात आहे."

तपासनिसांनी वाकून पडद्यावर पाहिलं.

आईच्या आजारपणात त्यांच्या तोंडून थोरल्या भावाला एक वाकडा शब्द गेला होता. पुढे फिरतीवर असताना, अशाच एका लॉजवर बसून, त्यांनी माफी मागितली होती. सोबत लहानपणचे फोटो. उत्तर आलं नाही. पाच महिन्यांनी दादा गेला, तेव्हाही तपासनीस मनात आढी धरूनच स्मशानात उभे होते. एवढं लिहिलं, आणि दोन ओळी लिहाव्याशा वाटल्या नाहीत याला!

आता तो राग कुणाचा म्हणायचा? कुठे ठेवायचा? देव वाट दाखवतो खरी, पण आधी माणसाला चांगला चकवा लागू देतो.

"साहेब, काढू का ही?"

"पुसणार?" त्यांचा आवाज लहान मुलासारखा झाला.

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. "पुसत नाही. मसुद्यात सरकवते. राहील तिथं."

पत्र सरकलं. एक मेल गेली, दुसरी गेली, बघता बघता साही गेल्या. चारला सात मिनिटं कमी असताना व्यवस्थापकाचा फोन आला. "साहेब, थांबवली भट्टी. पण एकच गोष्ट सहा वेळा? आम्ही काय बहिरे आहोत?"

"एक पत्र गेलंच नव्हतं, त्याची भरपाई," तपासनीस म्हणाले. व्यवस्थापकाला काही कळलं नाही. त्यांना तरी अकरा महिने कुठे कळलं होतं?

त्यांनी मसुदा उघडला. मग त्यांनी फोन लावला.

"वहिनी, मी बोलतोय."

"भावोजी? आज कशी आठवण झाली?" आवाजात वर्षभराचा रुसवा होता.

"दादाला लिहिलेलं एक पत्र... पोचलंच नव्हतं. मला वाटलं, वाचून गप्प बसला."

मग वहिनी म्हणाल्या, "ते तर रोज विचारायचे, धाकट्याचं काही आलं का?"

तपासनिसांनी लॅपटॉप जवळ ओढला.

"वाचा आता," वहिनी म्हणाल्या. "मोठ्यानं वाचा हं. यांच्या खुर्चीपाशी धरते फोन."

खुर्ची ओढल्याचा आवाज आला. बाईंनी उठून काउंटरवरचा घरघरता पंखा बंद केला आणि रस्त्याकडचं दार हळूच लोटून घेतलं. तपासनिसांनी शर्टाचं वरचं बटण लावलं.

"प्रिय दादा," त्यांनी वाचायला सुरुवात केली.