डबाभर युरिया

भात संशोधन केंद्रावरच्या चार वाफ्यांत मी तीन वर्षं भाताला पोत्यातलं खत दाखवलंही नव्हतं. आधी हिरवळीच्या खतासाठी धैंचा पेरायचा, कंबरेएवढा झाला की फुलं यायच्या आत हिरवाच चिखलात गाडायचा आणि त्यावर भात लावायचा. नुसत्या धैंच्यावरचा भात शेजारच्या युरियाच्या वाफ्यांइतका पिकतो, हे दोन वर्षं दिसलं होतं. तिसऱ्या वर्षीही दिसलं की शिफारस गावोगाव जाणार होती. नाहीतर प्रयोग बंद, असं साहेबांनी बजावलं होतं.

यंदा नेमका ट्रॅक्टर दुरुस्तीला गेला. धैंचा फुलावर आला, दांडे टणक झाले, तेव्हा कुठे गाडला. असे दांडे कुजताना आधी मातीतलंच नत्र खातात, भाताला देतात ते नंतर. भात पिवळा पडला. मी वरवर धीर धरला, पण जीव टांगणीला लागला होता. आमच्याकडे चिखलणीपासून कापणीपर्यंत सगळं आमचे जुने मजूर, मामाच करत. थोडे दिवस असंच दिसणार, एवढं त्यांना सांगायची मला गरज वाटली नाही. ते रोज बांधावर उभे राहून आजारी माणसाकडे बघावं तसे वाफ्यांकडे बघत.

मग आठवडाभरात भात हिरवागार झाला. मी सगळ्या ऑफिसला ओढून ओढून दाखवला. मामा तेवढे फिरकले नाहीत. दुपारी अवजारांच्या खोलीत त्यांनी मला गाठलं.

"बाई, डबाभर युरिया टाकलाय मी. चारही वाफ्यांत."

मी दारातून वाफ्यांकडे बघितलं.

"तुमचं तोंड बघवत नव्हतं," ते म्हणाले.

मग मात्र मी भडकले, त्यांना नाही नाही ते बोलले. मी गप्प बसले असते तर कुणाला पत्ता लागला नसता. मोह झाला, खोटं कशाला बोलू? दोन दिवस नोंदवही उघडलीच नाही. तिसऱ्या दिवशी चारही वाफ्यांवर काट मारली आणि वही साहेबांपुढे ठेवली. युरिया कुणी टाकला ते लिहिलं नाही. प्रयोग बंद झाला.

पंधरा दिवसांनी मामा मला चौथ्या वाफ्याच्या टोकाला घेऊन गेले. तिथं पोचेपर्यंत त्यांचा डबा संपला होता. चादरीएवढा तुकडा पिवळाच राहिला होता, आणि आनंदाच्या भरात मी तो पाहिलाही नव्हता. आता तो बाकीच्या भातापेक्षा गडद हिरवा होता.

मामा खाली बसले. एक पान बोटांत धरून म्हणाले, "बाई, ह्याला मी काहीच दिलं नव्हतं."