साडेनऊनंतरची माणसे

मित्रांनो, मला आयुष्यात एकच काम येते. एक मिळवणे. वजाबाकी मला जमत नाही, गुणाकाराशी माझी ओळख नाही. अंगठा पडला की खट्, आणि माझ्या खिडकीतला आकडा एकाने पुढे सरकतो. मुठीत मावणारा, पोलादी, चार आकड्यांचा असा मोजणीचा जुना खटका आहे मी.

बर्मिंगहॅमच्या कारखान्यात एका बाईने मला नऊ हजार नऊशे नव्याण्णवपर्यंत दाबून पाहिले आणि मग परत शून्यावर आणले. एवढे मोजून शेवटी शून्य कसे, याचे मला फार नवल वाटले. पुढे मी बाजारात मेंढ्या मोजल्या, जत्रेच्या फाटकावर माणसे मोजली, पुलावर लॉऱ्या मोजल्या. "हा कधी चुकत नाही," असे सगळे म्हणायचे आणि मलाही ते खरे वाटायचे. मग मी सरकारी अर्थतज्ज्ञांच्या एका कचेरीत आलो आणि टाचण्या-डिंकाबरोबर खणात पडून राहिलो.

मला तिथून काढले कीली थ्वेटने. एकोणीस वर्षांची शिकाऊ अर्थतज्ज्ञ. आठवड्यातले चार दिवस कचेरीत काम, एक दिवस विद्यापीठाचा अभ्यास, आणि चार वर्षांनी पदवी. तिच्या घरात आजवर कुणी पदवीधर झाले नव्हते, त्यामुळे पोरगी चहा पितानाही पुस्तक सोडत नसे. तिचे साहेब नेव्हिल. गडी मनाने चांगला, पण सायकलवरून येणारा. हे सायकलीचे लक्षात ठेवा.

कचेरीला ठरवायचे होते, की हेदरबी गावाच्या ४१ नंबरच्या बसला सरकारी मदत चालू ठेवायची की नाही. मदत थांबली तर बस बंद. किती माणसे चढतात ते मोजून अहवाल लिहायचा, हे कीलीचे पहिले स्वतंत्र काम होते.

"गर्दीची वेळ धर," नेव्हिल म्हणाले. "सात ते साडेनऊ."

थांब्यावर बारीक पाऊस होता. कीली टोपी ओढून, थोडी माणसे मोजून सगळ्यांचा अंदाज कसा बांधायचा ते शिकवणारे नमुना-पाहणीचे पुस्तक मांडीवर घेऊन बसली. बस आली की डोके वर, खट् खट्, पुन्हा डोके पुस्तकात. सात पंचविसाला चार, आठ पंचविसाला पाच, नऊ पंचविसाला दोन. अकरा.

पण मला एक गोष्ट कळेना. नऊच्या सुमाराला थांब्यावर म्हातारी माणसे जमू लागली. पिशव्या, काठ्या, एकमेकांच्या गुडघ्यांची चौकशी. नऊ पंचविसाची बस आली. दार उघडले. दोन तरुण चढले, आणि म्हाताऱ्यांपैकी कुणी हलेना! जवळजवळ रिकामी बस समोर उभी आणि ही मंडळी पावसात आनंदात गप्पा मारतायत. का? मी विचारात पडलो. पण माझ्यावर अंगठा पडला नाही, म्हणजे माझ्या लेखी ती माणसे नव्हतीच.

साडेनऊ झाले. कीली उठली. निळ्या रुमालातल्या ऑड्रीबाई म्हणाल्या, "एवढ्यात निघालीस, पोरी? बसायचं नाही का बसमध्ये?"

"नाही, माझं काम झालं."

"नशीबवान आहेस बाई. आमचं अजून सुरूच व्हायचंय."

कीली हसली आणि निघून गेली.

पंधरा दिवसांनी अहवाल तयार झाला. तीन फेऱ्या, अकरा उतारू, मदत थांबवावी. त्याच दिवशी तिच्या नमुना-पाहणीच्या निबंधाला वर्गात सर्वांत जास्त गुण मिळाले, आणि कचेरीच्या रिवाजाप्रमाणे तिनेच सगळ्यांसाठी केक आणला.

"केक खाऊन सायकल चढावर नेणं आता होत नाही," नेव्हिल तोंड पुसत म्हणाले. "दोन वर्षं थांबा. एकदा का म्हाताऱ्यांचा बसपास हातात आला, की साडेनऊनंतर बसने फुकट फिरणार मी!"

सगळे हसले. कीलीच्या हातातली सुरी केकमध्येच राहिली.

"साडेनऊनंतर?"

"मग? त्याआधी पास चालत नाही. सगळ्या जगाला माहितीये."

"मला नव्हतं माहीत," कीली म्हणाली. "नेव्हिल, मी साडेनऊलाच उठून आले."

अहवाल शुक्रवारी मंत्र्यांकडे जायचा होता.

दुसरा दिवस कीलीच्या अभ्यासाचा. दुपारपर्यंत पुढचा निबंध द्यायचा होता. ती तो सोडून मला घेऊन थांब्यावर गेली. पुस्तक नव्हते. नऊ पंचावन्नची बस आली आणि माझ्यावर अंगठा नुसता बरसला. चौतीस! कुणी दवाखान्यात निघालेले, कुणी वाचनालयात, आणि ऑड्रीबाई नवऱ्याला भेटायला, त्याला ठेवले होते त्या शुश्रूषागृहात.

"रोज जाता?" कीलीने विचारले.

"दुसरी बसच नाही गं. आणि त्याला मीच तेवढी ओळखू येते."

कीलीच्या डोळ्यांत पाणी आले. माझी आकड्याची खिडकी तिने मुठीत घट्ट झाकून धरली.

निबंध उशिरा गेला आणि त्याचे गुण कापले गेले. अहवाल मात्र वेळेत बदलला. तिसऱ्या पानावर तिने लिहिले: पहिली मोजणी अपुरी होती. ती मी केली होती. खाली स्वतःचे नाव.

"हे काढ," नेव्हिल म्हणाले. "नवा आकडा आहे ना, पुरे झालं. सरकारात असं कुणी लिहीत नाही. चार वर्षं तुझ्या नावाला चिकटेल हे."

"चिकटू दे. माझ्या अकरावर तुम्हीसुद्धा विश्वास ठेवलात. उद्या चौतीसवर का ठेवावा कुणी?"

नेव्हिलनी ते पान स्वतःकडे ओढले. मग त्यांनी कीलीच्या नावाखाली लिहिले: ती तपासून मंजूर मी केली होती. आणि सही केली.

४१ नंबर अजून धावते. तिच्या दारावर आता मोजणीचा कॅमेरा बसवलाय आणि मी पुन्हा खणात आहे. त्याचे मला फारसे वाईट वाटत नाही. पण मित्रांनो, कॅमेराही दारातून आत येणाऱ्यांनाच बघतो, हे कळल्यापासून जिवाला चैन पडत नाही. तुम्ही कधी काही मोजायला बसाल, तर आधी मान वर करून बाजूला कोण उभे आहे ते बघा, आणि ते का उभे आहेत ते त्यांनाच विचारा. ते काम मला करता येत नाही. मी मुठीत असतो.